व्हेनिसला आप्पा उतरले नाहीत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. नमाजानंतर दुआ मागताना हा विषय मनात आला की मी घाईघाईनं पुढच्या मागणीवर सरकतो — तिथंसुद्धा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखतही असाल. शिरूरच्या बाजारात कधीतरी हाक मारून, ‘सलीमभाई, आम्हाला युरोप कधी दाखवता?’ असं तुम्हीच विचारलं असेल. असो. ऐका.

माझा धंदा लोकांना फिरवण्याचा. घर शिरूरला, कंपनी पुण्याची. शिरूर-दौंडकडची मंडळी जमवायची — निवृत्त मास्तर, दौंडचे रेल्वेतले लोक, रांजणगावच्या कारखान्यांतून रिटायर झालेली जोडपी — आणि त्यांना मोठ्या बोटीवर चढवून समुद्रातून फिरवायचं. बोट रोज एका बंदराला लागते. सकाळी माणसं उतरवायची, शहर दाखवायचं, संध्याकाळी तितकीच परत चढवायची. ‘तितकीच’ हा शब्द लक्षात ठेवा. माझी सगळी नोकरी त्या एका शब्दावर आहे.

व्हेनिस सगळ्यांच्या आवडीचं. रस्त्यांच्या जागी कालवे, बसच्या जागी होड्या. आमच्या लोकांना कालवा म्हटलं की घोड धरणाचा आठवतो. एकदा एका बागायतदारानं तिथल्या गाइडबाईंना गंभीरपणे विचारलं होतं, ‘हितं पाणी कोण सोडतं? पाळी कुणाची आसती?’ मी भाषांतर केलंच नाही, हसत सुटलो. भाषांतर करायचं की नाही, काय करायचं — हे माझ्या हातात असतं. ही गोष्टही लक्षात ठेवा.

तर संशय. संशय घेणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, असं मी स्वतःला सांगत आलोय. बोटीवरून उतरलेला माणूस परदेशात पळून जातो, कधी ऐकलंय? होतं तसं. व्हिसा फिरण्याचा, आणि माणूस गर्दीत जो शिरतो तो परत येतच नाही. मग पोलीस, कंपनीची चौकशी, पुढच्या सगळ्या ग्रुपचे व्हिसे अडकतात. आणि माझं म्हणाल तर — माझं नाव वाचून विमानतळावर मला तसंही बाजूला घेतात. पिशवी उघडा, बूट काढा, इकडे उभे राहा. माझ्या ग्रुपमधला माणूस गेला, तर पहिला प्रश्न कुणाला विचारतील? हे मी सबब म्हणून सांगत नाही. सांगतो कशाला मग? मलाही नीट कळत नाही. पुढे जाऊ.

त्या वर्षी ग्रुपमध्ये निमोण्याचे एक आप्पा होते. जातीनं धनगर. वडिलांच्या वेळेपर्यंत मेंढरं, मग शेती, आता ऊस. बायकोचे गुडघे गेलेले, म्हणून एकटेच आलेले. सत्तरीचा माणूस, इंग्रजीचा गंध नाही, आणि एकटा युरोपला! माझ्या मनात पाल तिथंच चुकचुकली.

मग मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागलो, आणि बघायला लागलं की दिसतंच. आप्पा फोटो काढत नव्हते. इतर बंदरांना खाली उतरून एका कट्ट्यावर बसून राहायचे. पण व्हेनिसचं रोज विचारायचे — बोट कुठं लागंल, गावात कितीक येळ थांबणार, कुठल्या धक्क्यावर उतरवणार? बाकीच्यांना जेवणाची पडलेली, यांना धक्क्याची. फोनवर बोलत असले आणि मी जवळ गेलो की गप्प. एकदा म्हणाले, “सलीमभाई, माझा पासपोर्ट येकदा हातात द्या की. बघतो नि देतो.” सगळ्यांचे पासपोर्ट माझ्याकडे असतात. मी दिला नाही. त्यांना तो कशाला हवा होता, हे मला आजही माहीत नाही.

आणि घोंगडी. ऐन उन्हाळ्यात या माणसाच्या बॅगेत नवीकोरी काळी घोंगडी! व्हेनिसच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या केबिनमध्ये काही निरोप द्यायला गेलो, तर आप्पा ती घडी करून एका पिशवीत भरत होते. सोबत दोन सदरे, एका पुडीत भंडारा, आणि लाडवांचा डबा. मी विचारलं, हे सगळं उद्या गावात घेऊन जाणार? त्यांनी पिशवीचं तोंड दाबून धरलं. “आसू द्या. थंडी वाजती मला.”

खोटं. सरळ सरळ खोटं बोलत होते ते — आणि मला नेमकं तेवढंच दिसलं. अंथरूण, कपडे, खायला. दुसरं काय असणार? माणूस पळणार, आणि पळणार तो माझ्या डोक्यावर पाय देऊन!

मी त्यांना सरळ विचारू शकलो असतो. आप्पा, खरं काय ते सांगा. शिरूरची माणसं आपण, एकाच बाजारात भाजी घेणारी. एवढं विचारायला काय लागतं? पण विचारलं असतं तर ते सावध झाले असते, असा मी विचार केला. हुशारी बघा माझी.

बोटीवर एक कडक नियम असतो. कुणाला उलट्या-जुलाब झाले की त्याला केबिनमध्ये बंद करतात, कारण तसला आजार बोटभर पसरायला वेळ लागत नाही. जेवण दाराशी येतं आणि डॉक्टरांनी सोडल्याशिवाय बाहेर पाऊल टाकता येत नाही. हा नियम मी प्रत्येक ग्रुपला पहिल्याच दिवशी समजावून सांगतो, म्हणजे लोक हात धुतात.

पहाटे मी बोटीवरच्या दवाखान्याला फोन केला.

डॉक्टरबाई हातमोजे घालून आल्या. आप्पा तयार होऊन बसले होते — पांढरा नेहरू शर्ट, टोपी, पायाशी पिशवी. बाईंनी विचारलं, कधीपासून होतंय? मी आप्पांकडे वळून मराठीत विचारलं, “आप्पा, रात्री झोप लागली का?” ते म्हणाले, “कुठली झोप? रातभर जागाच हाय.” मी बाईंना इंग्रजीत सांगितलं, रात्रभर उलट्या होत होत्या. त्यांनी आप्पांचे लाल डोळे पाहिले आणि लिहून घेतलं. मग पोट दाबून विचारलं, दुखतंय का? मी आप्पांना विचारलं, “भूक लागली असेल ना?” आप्पांनी मान हलवली. “व्हय, लागली की.”

बघा, किती सोपं होतं. दोघांच्या मध्ये मी उभा होतो आणि दोघांचाही माझ्यावर विश्वास होता.

बाई गेल्यावर मी आप्पांना सांगितलं की डॉक्टरबाईंना तुमच्या पोटात काहीतरी संसर्ग वाटतोय, आज उतरू देणार नाहीत. ते ताडकन उठले. “मला काय बी झालं न्हाई, सलीमभाई. तुम्ही सांगा की तिला.” मी म्हणालो, सांगितलं, ऐकत नाही. तेव्हा त्या माणसानं माझे हात धरले. “येवढ्या येळला जाऊ द्या. बाकी गावं बघितली न्हाई तरी चालंल. पाया पडतो तुमच्या.” आणि खरोखरच वाकले. मी त्यांना वर उचललं आणि — याची मला सगळ्यात जास्त शिसारी येते — मनात म्हणालो, बघ, किती धडपडतोय. म्हणजे आपला अंदाज बरोबर होता.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, माणूस चुकला. घाबरला. संशयात चूक होते. इथंच गोष्ट संपली असती, तर मीही स्वतःला माफ करून टाकलं असतं.

आमची होडी मोठ्या चौकाजवळच्या धक्क्याला लागली. गाइडबाई काठीला रंगीत रुमाल बांधून पुढे निघाल्या, मंडळी पाणी बघून हरखलेली, मी मागून मोजत होतो. धक्क्यावर एक तरुण उभा होता. इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून बसवलेले केस. उतरणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा बघत होता. शेवटचा माणूस उतरला तरी तो रिकाम्या होडीत बघत राहिला. मग माझ्याजवळ आला. मला विचारायचीही गरज नव्हती. तेच रुंद कपाळ, तेच नाक.

“शिरूरची मानसं ना तुम्ही? निमोण्याचे आप्पा कुठं हायेत? फोन बी लागंना त्यांचा.”

बिरू त्याचं नाव. आप्पांचा धाकटा. एजंटच्या मागे लागून इटलीला आलेला, तिथं एका गोठ्यात गाईंच्या धारा काढायला. पुढे कागदपत्रांची मुदत संपली. देश सोडला तर परत येता येणार नाही, म्हणून कित्येक वर्षं घरी गेलेला नाही. बापानं गावात कुणाला सांगितलं नाही, माझ्यासमोर तोंड उघडलं नाही, ते एवढ्याचसाठी — पोराला कुणी पकडून देऊ नये. ते मला घाबरत होते. मी त्यांना. घोंगडी आईनं पाठवली होती, आणि भंडारा त्याच्या कपाळाला लावायचा होता.

हे सगळं त्यानं धक्क्यावरच भडाभडा सांगितलं. किती दिवसांनी मराठी बोलत होता, कोण जाणे.

आता सांगा, अजून वेळ होती की नव्हती? भरपूर होती. मंडळी दिवसभर तिथंच फिरणार होती. होडीनं परत जायचं, डॉक्टरबाईंपुढे उभं राहायचं आणि म्हणायचं — बाई, मी खोटं बोललो, या माणसाला काही झालेलं नाही. आप्पांना घेऊन यायचं. माझी नोकरी गेली असती. हो, नक्की गेली असती. पण गेली असती म्हणजे काय झालं असतं? शिरूरला दुकान टाकलं असतं. माणसं त्यावरही जगतातच की.

मी त्या पोराच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, “रात्रीपासून उलट्या होतायत आप्पांना. डॉक्टरांनी उतरू दिलं नाही.”

त्याचं तोंड उतरलं. लई त्रास होतोय का, सलाइन लावलंय का, बरोबर कोण आहे — प्रश्नावर प्रश्न. मी प्रत्येकाला उत्तर दिलं, आणि बरी उत्तरं दिली. त्यानं विचारलं, बोटीपाशी येऊ का, लांबनं तरी दिसतील? मी म्हणालो, बंदराच्या फाटकावर पोलीस असतात, कागद मागतात. हे मात्र खरं होतं. दिवसभरात मी बोललेलं एवढं एकच खरं, आणि तेही त्याला लांब ठेवायला वापरलं.

तो तिथंच पाण्याच्या कडेला उकिडवा बसला. मी ग्रुपमागे गेलो. पूल दाखवले, आइस्क्रीम खाऊ घातलं, कुणाचे तरी फोटो काढले. परतीच्या होडीत चढताना तो अजून तिथंच होता. कुणीतरी विचारलं, कोण हो तो? मी म्हणालो, असेल कुणीतरी, पर्स सांभाळा.

संध्याकाळी आप्पांना सांगितलं की बिरू भेटला, बरा आहे, अंगानं भरलाय. आप्पा टोपीत तोंड खुपसून रडले. मग मला म्हणाले, “तुम्ही तरी भेटला. बरं झालं.”

पुढचं ऐकवत नाही, पण ऐका. गावी आल्यावर त्यांनी सगळीकडे सांगितलं की परमुलखात सलीमभाईनं मला बापासारखं सांभाळलं. निमोण्याच्या जत्रेत मला बोलावून फेटा बांधला, नारळ दिला. मी घेतला. आप्पांची बायको मला समोर बसवून विचारायची, कसा दिसतो माझा बिरू? इतक्या वर्षांत घरातल्या कुणीच त्याला समोर पाहिलेलं नव्हतं, फक्त मी पाहिलेलं. मी सांगायचो. दर वेळी थोडं वाढवून सांगायचो, म्हातारीला बरं वाटायचं म्हणून. आणि आप्पा शेजारी बसून माझ्याकडे बघायचे. त्यांना कळलं होतं का? स्वतःचं पोट त्यांना माहीत होतंच ना? त्या नजरेत मी कितीतरी वर्षं संशय शोधत राहिलो. सापडला नाही. याचा अर्थ नव्हता असा होतो का, तेही मला माहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. अंगणात ठेवलं होतं. बिरूला बघायचं होतं. घरातली सगळी रडत होती, तेव्हा कुणीतरी फोन माझ्या हातात दिला — सलीमभाई, तुम्ही धरा. मी धरला. पडद्यावर गोठ्याचे कपडे घातलेला बिरू होता, आता केस पांढरे व्हायला लागलेला. “भाई, जरा जवळ घ्या,” तो म्हणाला. मी आप्पांच्या चेहऱ्याजवळ फोन नेला. त्यानं पडद्यापुढं हात जोडले.

मग म्हणाला, “त्या दिवशी उलट्या झाल्या नसत्या तर भेट झाली आसती, न्हाई का?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी ‘व्हय’ म्हणालो.