न वाजवलेली भिंत

मेलबर्नच्या लांबत गेलेल्या लॉकडाउनमध्ये मी भिंतींचे भाव फोनवर काढायला शिकलो. माझा धंदा घरांचं बाहेरचं आवरण बदलण्याचा. इथल्या जुन्या घरांना बाहेरून लाकडाच्या आडव्या फळ्या असतात, वरची खालचीवर जराशी चढलेली. त्यांना वेदरबोर्ड म्हणतात. पन्नास-साठ वर्षं ऊन-पाऊस खाऊन त्या कुजायला लागतात, आणि मग माझ्यासारख्याला बोलावणं येतं. एरवी मी स्वतः जायचो, टेप लावायचो, हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवायचो आणि दोन दिवसांत आकडा लिहून पाठवायचो. वाजवणं सगळ्यात महत्त्वाचं. रंगाखाली काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, पण माठ घेताना जसा वाजवून कळतो, तशी फळीही कळते. चांगलं लाकूड टणक बोलतं, कुजलेलं बद्द वाजतं.

मग कोट, म्हणजे कामाच्या खर्चाचा लेखी आकडा, द्यायला लोकांच्या घरी जायचंच बंद झालं. मी पॉइंट कुकमधल्या माझ्या गॅरेजमध्ये बसून व्हिडिओ कॉल लावायचो, आणि समोरचा माणूस फोन घेऊन आपल्याच घराला प्रदक्षिणा घालायचा. भिंत वाजवायला मी त्यांच्या हाताशी जे असेल ते घ्यायला लावायचो. एका गोऱ्या म्हाताऱ्याने क्रिकेटच्या बॅटने वाजवली होती. आपल्या लोकांच्या घरी लाटणं असतंच.

मी पुण्याचा, शिकलेला सिव्हिल इंजिनिअर, इथे आधी एका बिल्डरच्या ऑफिसात नुसते आकडे काढत होतो. आपला आकडा चुकत नाही, असा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नसे. बायको म्हणायची, तू भाजी घेतानाही कोट देतोस. तिचं म्हणणं मला कौतुकासारखं वाटायचं, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात पर्थहून एका मराठी मुलाचा फोन आला. मुलगा म्हणजे चाळिशीचा. इथेच वाढलेला, मराठी समजणारा पण वाक्य अर्ध्यात इंग्रजीत नेणारा. त्याची आई इथे मेलबर्नच्या सनशाइन भागात जुन्या घरात एकटी राहत होती. वडील आदल्या हिवाळ्यात हार्ट अटॅकने गेले होते. तेव्हाही दोन राज्यांमधली बॉर्डर बंद होती, त्यामुळे त्याला येता आलं नव्हतं. अंत्यविधीला दहाच माणसं, आणि हा लॅपटॉपसमोर.

“I watched it on a screen, mate,” तो म्हणाला. “मला आईचं तसं नाही बघायचं.”

बॉर्डर उघडली की आईने घर विकून पर्थला यावं, असं त्याचं म्हणणं होतं. आईला यायचं नव्हतं. घराच्या फळ्या मात्र खरंच गेल्या होत्या, आणि खर्च तोच करणार होता. शेवटी दोघांत ठरलं, की काम एका ठरावीक आकड्याच्या आत बसलं तर तो पैसे भरेल आणि आई त्या घरात राहील. आकडा ओलांडला तर घर आहे तसं विकायचं आणि आईने निमूट पर्थला जायचं. तो आकडा त्याने मला सांगून टाकला.

“हे मला सांगायला नको होतंस,” मी म्हणालो. गिऱ्हाइकाची मर्यादा आधी कळली की कोट देणाऱ्याचा हात त्याच्या नकळत तिकडे वळतो.

“No worries, I trust you,” तो म्हणाला. मला ते आवडलं नाही, पण काम घेतलं.

त्याच्या आईला, म्हणजे काकूंना, मी कॉल लावला तेव्हा त्या लाटणं घेऊन तयारच होत्या. थंडीचे दिवस, डोक्याला मफलर, गळ्यात शिवणकामाची टेप. तीस वर्षं त्यांनी या भागातल्या बायकांची ब्लाउजं शिवली होती. मी सांगायच्या आधी त्यांनी चारही भिंती मोजून वहीत लिहून ठेवल्या होत्या, खिडक्या वेगळ्या, दारं वेगळी. मी दोन मापं पुन्हा घ्यायला लावली. दोन्ही तंतोतंत बरोबर निघाली.

“कापताना वाया जातं, त्याचं किती धरतोस?” त्यांनी विचारलं.

“दहा टक्के.”

“मीही तेवढंच धरायचे. अस्तराला जरा जास्त.”

अशी गिऱ्हाइकं मिळत नाहीत. मी खूश झालो. घर कोपऱ्यावरचं; त्या पुढे, मागे, मग बाजूच्या रस्त्याकडे लाटणं वाजवत गेल्या, मी डोळे मिटून फोन कानाला लावून ऐकत गेलो. पुढची भिंत बरी. मागच्या भिंतीला खिडकीखाली थोडी कूज. रस्त्याकडची वरून खराब, खालून ठीक. राहिली कुंपणाकडची बाजू. तिथे काकू थांबल्या.

“इथे नको वाजवायला,” त्या म्हणाल्या. “आतल्या बाजूला देव आहेत माझे.”

“बरं काकू, असू दे,” मी म्हणालो.

यात माझं मन क्षणभरही अडखळलं नाही, हे मला अजून टोचतं. गोऱ्या माणसाने एखाद्या भिंतीला हात लावू नको म्हटलं असतं, तर मी मुद्दाम तीच आधी वाजवून घेतली असती. नाहीच ऐकलं, तर आकड्यात धोक्याची रक्कम भरपूर धरली असती. इथे देव म्हटल्यावर मी नुसता गप्प झालो नाही, मला बरंही वाटलं. आपल्याला हे समजतं, दुसऱ्या कुठल्या कंत्राटदाराला समजलं नसतं, असा काहीतरी शिष्टपणा माझ्या मनात आला. कॅमेऱ्यात ती भिंत चांगली दिसत होती. रंग गुळगुळीत. मी तिला इतर तिन्हींसारखी धरली आणि आकडा काढला.

तो मुलाच्या मर्यादेच्या जरासा आत बसला. मी तीन वेळा तपासला, माझा हात तिकडे वळला की काय म्हणून. वळला नव्हता. कोटच्या शेवटी नेहमीचा क्लॉज, म्हणजे अट, होताच: फळ्या काढल्यावर आत लपलेली कूज निघाली, तर तिचा खर्च वेगळा. मुलाने सही करून पाठवलं.

लाकूड मिळेना म्हणून काम वसंतात सुरू झालं. मी आणि माझा सुतार, दोघंच. सुतार व्हिएतनामचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा आणि माझ्याहून निम्मं बोलणारा. काकू खिडकीतून चहाचे कप बाहेर ठेवायच्या आणि खिडकी लावून घ्यायच्या. चार दिवसांत तीन बाजू झाल्या, माझ्या आकड्याप्रमाणे, एक फळी इकडे-तिकडे नाही.

पाचव्या दिवशी कुंपणाकडची भिंत उघडली. सुताराने खालच्या आडव्या तुळईत स्क्रू-ड्रायव्हर खुपसला तो मुठीपर्यंत आत गेला. त्याने तो बाहेर काढून माझ्याकडे बघितलं आणि दुसरीकडे खुपसला. पुन्हा तेच. वर उभे खांब होते त्यातले चार खालून चहात बुडवलेल्या टोस्टसारखे झाले होते. छपराचं पाणी खाली आणणारा पाइप वरच्या सांध्यात फाटला होता आणि कोणीतरी तो तारेने बांधून वरून रंग दिला होता. किती वर्षं पाणी आत जात होतं कोण जाणे.

मी गाडीत बसून हिशोब केला. नवी तुळई, चार खांब, पाइप, दोघांचे आणखी तीन दिवस. मुलाची मर्यादा ओलांडली जात होती, आणि चांगली ओलांडली जात होती.

मात्र आधी देव हलवायला हवे होते. ठोकाठोकीत भिंत हादरणार, मूर्ती पडतील. मी मास्क लावून मागच्या दाराशी गेलो आणि काकूंना तसं सांगितलं.  दार उघडून बाजूला झाल्या.

कुंपणाकडच्या त्या खोलीत भिंतीला लागून शिलाई मशीन होतं. वर दोऱ्याच्या रिळांची फळी, खाली कापडाची गाठोडी. देव नव्हते. मी स्वयंपाकघरात डोकावलो. देव्हारा तिथे होता, पार पलीकडच्या भिंतीला, आणि निरांजनाच्या काजळीने वरचं छत काळं झालं होतं. म्हणजे कालपरवा हलवलेलाही नव्हता.

“काकू,” मी म्हणालो.

“ह्यांनीच बांधली होती ती तार,” त्या म्हणाल्या. “प्लंबर बोलावू या म्हणत म्हणत गेले. तुझा कॉल यायच्या आधी मी सगळं घर वाजवून बघितलं होतं. तिथला आवाज मला कळला.”

“मग मला खोटं का सांगितलंत?”

“तू ऐकलं असतंस तर आकडा वाढवला असतास.”

“वाढवलाच असता.”

“मग? मी पर्थला जाऊन काय करू? सुनेच्या घरी पाहुण्यासारखी बसू? इथे मला रस्त्यातली चार माणसं हाक मारतात. ह्यांचे बूट अजून दाराशी आहेत.”

मला संताप आला होता, आणि तो बुटांचं ऐकूनही गेला नाही. मला देवाच्या नावाने गंडवलं होतं, आणि ते दुसऱ्या कोणालाच जमलं नसतं, कारण दुसरा कोणी त्या शब्दाला गप्पच बसला नसता. मी काकूंना म्हटलं, हे तुम्ही बरं नाही केलंत. त्या म्हणाल्या, नाही केलं. पुढे सफाई दिली नाही. दिली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तो रोज जेवणाच्या सुट्टीत करायचा. काकूंनी फोन माझ्याकडे दिला आणि त्या मशीनच्या स्टुलावर बसल्या, हात मांडीवर ठेवून.

“How's it going? शेवटची वॉल ना आज?”

“हो.”

“Any surprises? त्या क्लॉजचं काही?”

तो माझ्यावर विश्वास ठेवून होता, आणि त्याची भीतीही खोटी नव्हती. तोंडाशी शब्द आले होते: तुळई, चार खांब, जादा इतके. खरं बोललो की माझे पैसे सुटत होते आणि घर जात होतं. पण ती भिंत मी वाजवून घेतली नव्हती. शेवटी मला हलवलं ते या गोष्टीने, दया वगैरे नंतरची. ज्या भिंतीचा आवाज मी ऐकला नाही, तिचा आकडा मी बिनदिक्कत लिहून दिला होता, आणि आता त्याची भरपाई क्लॉज दाखवून दुसऱ्याकडून मागणार होतो.

“नाही,” मी म्हणालो. “एक पाइप बदलतोय, तो धरलेला आहे.”

“Legend,” तो खूश होऊन म्हणाला.

काकूंनी पदराने डोळे पुसले नाहीत की हात जोडले नाहीत. उठून चहा ठेवला. मी बाहेर येऊन सुताराला सांगितलं की जास्तीचं काम आपलं, तुझे दिवस मी देईन. त्याने खांद्यावर टेप टाकली आणि विचारलं, “Your auntie?”

“No,” मी म्हणालो. त्याने मान हलवली, जणू मी हो म्हणालो होतो.

त्या कामात माझं नुकसान झालं. पुढचे दोन महिने मी चिडचिडा होतो आणि बायकोला कारण सांगितलं नाही. सगळ्यांच्या सगळ्या भिंती वाजवून घेऊ लागलो, आणि देव म्हटलं की आधी देव्हारा कॅमेऱ्यात दाखवा म्हणू लागलो. दोन माणसं त्यावरून दुखावली.

काम झाल्यावर सहा महिन्यांनी मी प्रत्येक घर पुन्हा तपासायला जातो. सनशाइनला गेलो तेव्हा शरद ऋतू होता, बॉर्डर उघडली होती. मुलगा येऊन, पंधरा दिवस राहून, एकटाच परत गेला होता. काकूंनी ते मला फाटकातच सांगितलं. मी हातोडीच्या दांड्याने पुढची भिंत वाजवली, मागची वाजवली, रस्त्याकडची वाजवली. कुंपणाकडे आलो तेव्हा खिडकी उघडी होती आणि आतून उदबत्तीचा वास येत होता.

मी खिडकीतून बघितलं. मशीन तिथे नव्हतं. त्या भिंतीला देव्हारा होता, जरा नव्या जागी अवघडल्यासारखा, निरांजन लावलेलं. शेजारी काकांचा फोटो.

माझा दांडा धरलेला हात वर गेला होता, तो मी खाली घेतला आणि पाइपचा सांधा बघू लागलो. काकू मागून आल्या.

“वाजव की,” त्या म्हणाल्या. “सहा महिने तुझीच वाट बघतेय मी. देवांना चालतं.”

मी खालपासून वरपर्यंत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती भिंत वाजवली. कुठेही बद्द वाजली नाही. मग आम्ही आत जाऊन चहा घेतला.