खलाशी, सेवानिवृत्त

चेरीतालला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. नर्मदेवर नावेत बसले तरी मधली फळी दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवतात. पण रेल्वेत ते खलाशी होते, आणि हे ऐकून कोणी हसलं की त्याची अर्धा तास सुटका नाही.

"काहून हसून राहिले? शब्द अरबी आहे. जहाजावर दोर ओढायचे ते खलाशी. त्याच लोकांना रेल्वेनं पुलांवर नेलं, गर्डर चढवायला. जहाज सुटलं, दोर नाही सुटला. समझे?" मग ते हवेतच एक गाठ मारून दाखवतात. तोवर आपला चहा गार होतो.

मागच्या महिन्यात नातीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. मुलानं परस्पर त्यांच्या नावापुढे 'निवृत्त रेल्वे अधिकारी' टाकलं होतं. काकांनी ओसरीत बसून प्रत्येक पत्रिकेवरचं 'अधिकारी' खोडलं आणि बॉलपेननं 'खलाशी' लिहिलं. गणपतीपुढे ठेवलेली पहिली पत्रिकासुद्धा उचलून दुरुस्त केली. मुलगा रडकुंडीला आला.

आमची पत्रिका द्यायला ते स्वतः आले. फाटकाशी थांबून माझ्या नावाची पाटी त्यांनी सावकाश वाचली: 'निवृत्त अधिकारी'. सिविल लाइन्सच्या ऑफिसातून मी बडा बाबू, म्हणजे हेडक्लार्क म्हणूनच निवृत्त झालो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

त्यांनी खिशातलं बॉलपेन काढलं, पाटीवर टेकवून पाहिलं आणि परत खिशात ठेवलं.

"ऑइलपेंट आहे, बाबूजी," ते म्हणाले. "उद्या ब्रश घेऊन येतो."