जाड्याच्या कोटाचं माप

आमच्या समोर राहणाऱ्या टेलरमास्तरांना माणसं चेहऱ्यावरून ओळखता येत नाहीत. हे मी चेष्टेने सांगत नाही, खुद्द वहिनींची तक्रार आहे. बँकेच्या मॅनेजरने रस्त्यात हात केला तर मास्तर ढिम्म. तो पुढे जाऊन पाठमोरा झाला की मग यांना उजाडतं, "अरेच्चा, हा तर एकोणचाळीस छाती, डावा खांदा उतरता!" वहिनींनी एकदा विचारलं, "लग्नाच्या फोटोत मला तरी ओळखता का?" मास्तर म्हणाले, "ब्लाउज ओळखतो. बाही अर्धा इंच चुकलीय. दुसऱ्याने शिवला होता." सव्वीस वर्षं झाली, तो अर्धा इंच अजून त्या घरात नांदतो आहे.

दुकान घराखालीच. दोन मशिनं, एक इस्त्री, आणि एक आरसा, ज्यात उंच गिऱ्हाईक गळ्यापर्यंतच दिसतं. गिऱ्हाइकांची मापं वहीत असतात. मित्रांची मापं मात्र डोक्यात. मित्र नुसतं कापड पाठवतो, मास्तर फोनवर विचारतात, "पोट वाढलंय का?" आणि कात्री चालवतात. तीस वर्षं ही पद्धत बिनबोभाट चालली. यंदा तिनेच मास्तरांना तोंडघशी पाडलं.

मास्तरांचे शाळेपासूनचे मित्र दोन. एक प्लंबर, ज्याचा नळ बंद होतो पण तोंड होत नाही. दुसरा जाड्या. त्याची मोटार शिकवायची शाळा आहे. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवायचा, हा त्याचा धंदा. हे तिघं वर्षातून एकदा शुक्रवार ते रविवार डोंगरातल्या एका लॉजवर जातात. गाडीत चौथी सीट रिकामी जाते म्हणून नऊ वर्षांपूर्वी त्यांनी मला घेतलं आणि नंतर त्यांना मला काढता आलं नाही.

यंदा जाड्याच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं. त्याने कोटाचं कापड बायकोच्या हाती पाठवलं, सोबत निरोप, "जुन्याच मापाने शीव." मास्तरांनी कापून ठेवला.

शुक्रवारी गाडी जाड्यानेच चालवली. गळ्यापर्यंत चेन ओढलेलं जाड जॅकेट घालून. लॉजवर पोचल्यावर त्याने ते काढलं आणि प्लंबर ओरडला, "अरे, आतला माणूस कुठे गेला?"

"साखर सोडली. रोज चालतो," जाड्या म्हणाला.

"नाव बदल आता. रोड्या म्हणू का?"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. मला वाटलं, जोक कळला नसेल. त्यांना जोक मापात बसवून बघायला वेळ लागतो.

शनिवारी सकाळी मी बेसिनपाशी दात घासत होतो, तेव्हा मास्तर शेजारी येऊन उभे राहिले.

"चालणाऱ्याचं पोट आधी उतरतं," ते आरशात बघत म्हणाले. "याचं पोट तेवढंच आहे. खांदे गेलेत, मान गेलीय. मी शिवलेल्या शर्टाची खांद्याची शिवण दंडावर आलीय. आणि पँट मागून आवळून घेतलीय. बाहेरून."

"म्हणजे दुसऱ्या टेलरकडून? अस्सं! म्हणून तुमचं तोंड एवढंसं झालंय होय."

"अहो, तीस वर्षांत त्याचं बटणसुद्धा बाहेर लागलं नाही. माझ्याकडे आला असता तर मी टेप लावला असता. ते त्याला नको होतं." त्यांनी ब्रश झटकला. "हा आजारी आहे आणि त्याला ते माहीत आहे. लग्न होईपर्यंत डॉक्टरचं नाव काढणार नाही. महिना फुकट जाईल. उद्या सकाळी आपण परत निघणार. तेवढ्यात त्याच्याकडून कबूल करून घ्यायचं."

"मग विचारा की सरळ."

"सरळ विचारलं तर हसण्यावारी नेईल. तुम्ही कुणाला बोलू नका."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे. मास्तरांनाही असावं. पण चेहऱ्यांसारखंच हेही त्यांच्या लक्षात राहत नाही.

नाश्ता करून आम्ही टेकडी चढायला निघालो. वाट सोपी, दीड तासाची. वर एक सपाट खडक आहे, तिथे बसून खाली तळं दिसतं. दरवर्षी जाड्या धापा टाकत सगळ्यात मागे असायचा. यंदाही मागेच, पण धापा न टाकता. दर दहा मिनिटांनी बुटाची नाडी बांधायला बसायचा. एका माणसाच्या नाड्या इतक्या सुटत नाहीत. पाण्याच्या दोन बाटल्या अर्ध्या वाटेतच संपवल्या. मास्तर त्याच्याही मागे, नजर त्याच्या पाठीवर.

"ए मास्तर, पुढे ये की!" प्लंबर वरून ओरडला. "त्या पँटच्या शिवणीकडे किती बघशील? झाला संसार दुसऱ्याशी, सोड आता!"

जाड्याचा चेहरा उतरला. "घाई होती रे, मास्तर. कोपऱ्यावरच दुकान होतं म्हणून दिली."

"धागा काळा वापरलाय. पँट तपकिरी आहे," मास्तर म्हणाले. बस, एवढंच.

वर खडकावर आम्ही अंडी सोलली, पाव कापला, थर्मासमधला चहा ओतला. प्लंबरने पुन्हा तोच विषय काढला. मास्तरांनी त्या दुसऱ्या टेलरला पत्र कसं लिहावं, याचा मजकूरच तो सांगायला लागला. माझ्याने राहवेना. मी त्याला झुडपांकडे जायच्या निमित्ताने उठवलं आणि सकाळची गोष्ट सांगून टाकली. गप्प करायला म्हणूनच सांगितली. तो इतका गप्प झाला की मलाच भीती वाटली.

परत आलो आणि प्लंबर खाली बसला. स्वतःचं अंडं त्याने जाड्याच्या पुढे सरकवलं. मग पावही.

जाड्याने आधी अंड्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग बराच वेळ माझ्याकडे. उतरताना त्याने नाडी बांधली नाही. थकला की सरळ बसला.

दुपारी लॉजच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या टाकल्या होत्या. पत्ते वाटले, पण कुणी उचलले नाहीत.

"मास्तर, तू सगळ्यांना सांगितलंस," जाड्या म्हणाला.

"मी एकालाच सांगितलं."

"कुणाला सांगितलंस ते दिसलं मला. एकच गोष्ट झाली."

मी पानांचा गठ्ठा नीट लावत बसलो.

मास्तर आत गेले आणि टेप घेऊन आले. सुट्टीवरही टेप सोबत नेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. "तुझा कोट मी जुन्या मापाने कापलाय," ते म्हणाले. "तो घालून तू पोरीच्या शेजारी उभा राहिलास तर हँगरच उभा केल्यासारखा दिसशील. फोटो जन्मभर राहतात. ऊठ."

डॉक्टरचा विषय काढला असता तर जाड्याने हसून उडवला असता. फोटो त्याला उडवता येईना. तो उठला, हात बाजूला केले. मास्तरांनी टेप फिरवला आणि मला म्हणाले, "लिहा. छाती एकेचाळीस."

"आधी किती होती?" प्लंबरने विचारलं.

"शेहेचाळीस."

मी पत्त्यांच्या गुणांच्या कागदावर लिहून घेतलं. खांदा, कंबर, गळा. प्रत्येक आकडा मास्तर एकदाच सांगत होते, दुकानात सांगतात तसाच. गळ्याच्या मापाला टेप गुंडाळला तेव्हा जाड्या म्हणाला, "पाच महिने झाले. तहान भागत नाही. झोपेतून चारदा उठतो. परवा शिकाऊ मुलीने ब्रेक दाबला नसता तर... मला समोरचं धूसर दिसत होतं."

"डॉक्टर?"

"लग्न झाल्यावर. काही भलतं निघालं तर ती लग्न पुढे ढकलेल. तू ओळखतोस ना तिला."

"सोमवारी जायचं. मी येतो बरोबर," मास्तर म्हणाले. "नाहीतर कोट मिळणार नाही."

"धमकी देतोस होय? दुसरीकडे शिवून घेईन."

"त्या कोपऱ्यावरच्याकडे? जरूर घे. स्वतःची पँट मागून बघितलीयस का?"

प्लंबर फिस्सकन हसला. मग जाड्याही. हसता हसता खाली बसला आणि तोंडावर हात धरला. प्लंबरने पत्ते गोळा केले. शेवटी त्याने बायकोला फोन लावला. "सोमवारी डॉक्टरकडे जाऊन येतो म्हणतो. मास्तर आहे बरोबर." पलीकडचा आवाज आम्हाला कान न देताही ऐकू आला, "साखर सोडली म्हणून सांगता, मग डब्यातली बिस्किटं काय मी खात होते? पाच महिने मी काय भिंतीशी बोलत होते?" जाड्याने फोन कानापासून लांब धरला आणि तसाच धरून ठेवला.

सोमवारी दोघं गेले. रक्तात साखर इतकी निघाली की डॉक्टरांनी त्याला घरी सोडलंच नाही. चार दिवस ठेवून घेतलं. आणखी महिनाभर असाच काढला असता तर स्टिअरिंगवरच कोसळला असता, असं त्यांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं. मास्तरांनी ते मला सांगितलं, म्हणजे ते आता गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. इंजेक्शनं सुरू झाली. मुलीने लग्न पुढे ढकलायचं म्हटलं, पण जाड्याची बायको म्हणाली, आता यांना घरात बसवून ठेवायला कारण हवंच आहे, तयारीची कामं करू देत. वजन हळूहळू परत येईल, असं डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी कोट एकेचाळिसाचा शिवला, पण एक इंचही कापड छाटलं नाही. पाठीत, बगलेत, बाहीत, सगळं जास्तीचं कापड शिवणींच्या आत दुमडून ठेवलं. नंतर उसवून सैल करता यावा म्हणून. लग्नाच्या आठ दिवस आधी जाड्या दुकानात घालून बघायला आला. त्या आरशात गळ्यापर्यंत दिसला. हात वर केला, खाली केला.

"बगलेत टोचतंय रे. आत काय कोंबलंयस?"

"तूच आहेस," मास्तर दातांत टाचण्या धरून म्हणाले. "हात खाली ठेव."