पाहुण्यांची चादर

भर कार्यक्रमात उठून नवऱ्यावर ओरडण्याचा मूर्खपणा मी केलेला आहे. आज चादरीची पेटी उघडली, डांबरगोळ्यांचा वास आला अन् तो हॉल आठवला. म्हातारे विनोदकार सांगत होते, "बायको पाहुण्यांसाठी चादर जपते, पाहुणे आले की म्हणते, यांच्यासाठी कशाला?"

मी ताडकन उठले. "अहो, घरातली गोष्ट यांना काहून सांगितली?"

हॉल हसला. आमचे हे लालबुंद. "म्या कुठं सांगितली?" म्हणाले. अख्ख्या पुरानी बस्तीत चादर जपणारी मी एकटीच, असं वाटायचं ना मले! पण यांनी सांगितलं नाही, तर त्यांना कळलं कसं? राहवेना. नंतर जाऊन विचारलंच.

विनोदकार म्हणाले, "पोरी, ही माझ्या बायकोची चादर. ती माझ्या कार्यक्रमाला कधीच आली नाही. आज तू उठून ओरडलीस अन् वाटलं, आली."