बहिणीने सांगितलेलं

तो दिवसा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकुनी करायचा आणि पहाटे उठून कादंबऱ्या लिहायचा. चार कादंबऱ्या आल्या नि गेल्या, कुणी हिंग लावूनही विचारलं नाही. मग एकदा धाकट्या बहिणीने भांडी विसळता विसळता त्याला सांगितलं, की नवरा तिला मारतो, आणि तरीही जिन्यावर त्याची पावलं वाजली की तिला बरंच वाटतं.

"दादा, कुणाला बोलू नकोस हं," ती म्हणाली.

त्याने ते पाचव्या कादंबरीत घातलं. नावं तेवढी बदलली, बाकी शब्दन्‌शब्द तिचा ठेवला. लोकांनी पुस्तक डोक्यावर घेतलं. प्रेमाबद्दल इतकं खरं कुणी लिहिलंच नव्हतं म्हणे. मेहुण्यानेही ते वाचलं आणि ओळखलं.

पुढचं कळल्यावर भाऊ धावत तिच्या घरी गेला. बहिणीने डाव्या हाताने दार उघडलं. उजवा प्लास्टरमध्ये होता.

"चल माझ्या घरी," तो म्हणाला.

"तुझ्याकडे नको. तो निदान समोरून तरी मारतो."

तिने दार लावून घेतलं. परतताना बसमध्ये त्याला रडू आवरेना. आणि रडता रडताच, विसरू नये म्हणून, तो तिचं ते वाक्य मनात घोळवत होता.