गेनबांचा डावा गाल

चहा पाजलात, म्हणजे आता सांगावंच लागणार. पण मध्येच हसायचं नाही, हे आधी कबूल करा. भर पाहुण्यांत माझी अब्रू गेली, आणि तीही कशापायी? तर गालाच्या एका हाडापायी!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी दौंडला चित्रकलेचा मास्तर होतो. मास्तर कसला, हाडांचा वेडा! कॉलेजात आम्हाला कवटी समोर ठेवून चेहरा शिकवला होता, आणि त्यातही गालाच्या हाडावर माझा भारी जीव. तुम्ही आत्ता डोळ्याखाली बोट ठेवा. लागलं? आता ते कानाकडं न्या. ती कमान. हे हाड म्हणजे चौघांच्या बांधाला लागलेलं वावर. वर कपाळ, खाली जबडा, बाजूला कानशील आणि आत डोळ्याच्या खोबणीतलं एक. माणूस वाळला, पिकला, दात गेले, तरी हे जागचं हलत नाही, असं मी वर्गात छातीठोकपणे सांगायचो.

तर एक दिवस जवळच्या राहू गावचा सोपान घरी आला. पूर्वी मेंढरं राखणारं घर, आता ऊस लावतात. त्याचे वडील गेनबा, त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. सोपानच्या हातात कुठल्याशा लग्नातला फोटो. मागच्या रांगेत, फेट्याखाली, गेनबांचं चिंचोक्याएवढं तोंड.

"सर, आप्पांचा ह्यो येवढाच फोटू हाय. वर्षश्राद्धाला मोठं चित्र काढून द्या. आई म्हणती, त्यांचं तोंड इसरत चाललंय."

बाईला नवऱ्याचं तोंड आठवेनासं व्हावं? म्हटलं, हे काम जीव ओतून करायचं.

भिंग लावून पाहतो, तर डावा गाल आत बसलेला.

"आप्पांचा त्यो गाल जरा..." सोपान म्हणाला.

"फोटो घासलाय तिथं," मी त्याला पुरतं बोलूच दिलं नाही. "हाड दोन्हीकडं सारखंच असतं. निसर्गाचा नियम आहे. त्यांच्या रक्ताचं घरात कोण आहे?"

"थोरलं चुलतं हायती. आबा."

"त्यांना घेऊन ये."

आबा बाजारच्या दिवशी आले. त्यांना खुर्चीत बसवून मी त्यांचा गाल चाचपू लागलो.

"मास्तर, मेलाय त्यो. माझं काय तपासताय?"

"आबा, तुम्हा दोघांचं हाड एकच."

"हाड एक असंल, डोकं येगळं व्हतं. त्यो शाना व्हता," आबा म्हणाले आणि गाल पुढं केला.

फोटोत फेट्याखाली दिसत नव्हतं, ते सगळं आबांवरून घेतलं. चित्र असं उतरलं म्हणता! फडक्यात गुंडाळून मी स्वतःच राहूला घेऊन गेलो. आधी कोणाला दाखवलंही नाही.

पडवीत खुर्चीवर चित्र ठेवलं आणि सोपाननं फडकं काढलं. गेनबांची बायको, मी त्यांना मावशी म्हणायचो, पुढं आल्या. चित्राकडं एकदा पाहिलं, झटकन पदर कपाळावर ओढला आणि अंग चोरून भिंतीकडं तोंड केलं.

मला वाटलं, हुंदका आवरला नाही. कलेची ताकद म्हणतात ती हीच. खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरून आले.

हार घातला, उदबत्ती लावली. तेवढ्यात मांडवगण फराट्याहून एक म्हातारे पाहुणे आले. चित्रासमोर बसले आणि रडायलाच लागले. "गेनबासाठी म्हणून आलो, आन् आबा, तुमी बी गेला? मला कुणी कळवलं पण न्हाई."

आबा अंगणात चहा पीत होते. रडणं ऐकून बशी हातात घेऊनच आत आले. त्यांनी चित्र बघितलं, हार बघितला. पाहुण्यांनी आबांना बघितलं आणि रडणं गिळलं.

"मास्तर," आबा शांतपणे म्हणाले, "ह्यो मी हाय."

यावर मी काय म्हणालो? ऐका, म्हणजे माझ्या शहाणपणाची खोली कळेल. "साम्य असणारच, आबा. हाड एकच ना!"

मग पदराआडून मावशी बोलल्या. "सर, थोरल्या दिरापुढं मी आजवर उघड्या तोंडानं हुबी ऱ्हायली न्हाई. आता ह्यो फोटू भिताडाला लागला, तर घरात जल्मभर पदर वढूनच वावरू व्हय?"

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही.

"एडक्यानं त्यांचा गाल फोडला व्हता," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या आदी, मेंढरं राखताना. हाड आत गेलं ते गेलंच. लग्नात मी पैल्यांदा वर बघितलं, तवा त्यो खड्डाच दिसला. भ्याले व्हते. मग त्योच आवडाय लागला. हसले म्हंजी सगळं हसू त्या खड्ड्यात जायाचं."

मी सोपानकडं वळलो. "अरे, मला सांगायचं नाही का?"

"सांगत व्हतो की. तुमी म्हणला, निसर्गाचा नियम. मला वाटलं, मेल्यावर व्हत असंल सरळ."

तिथंच मांडी घालून बसलो आणि फ्रेमची काच काढली. पेन्सिलीचं काम होतं म्हणून निभावलं. चित्रातलं हाड म्हणजे तरी काय? कागदाचा कोरा सोडलेला पांढरा भाग. तो मी सावलीनं भरत गेलो. मावशी अजून तिरप्याच उभ्या होत्या, पदराच्या कडेनं बघत सांगत होत्या. "आनखी आत. न्हाई, तितं नगं. डोळ्याच्या खालनं." तोंड विसरत चाललंय म्हणे! बोटाच्या पेराएवढी चूक त्या खपवून घेत नव्हत्या. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

एकाएकी सूचना थांबल्या. वर पाहिलं, तर मावशी चित्रासमोर नीट उभ्या. पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला होता आणि त्याचं त्यांना भानही नव्हतं. आबांनी ते पाहिलं आणि बशी उचलून मुकाट्यानं अंगणात निघून गेले.

माझी छाती मात्र परत थोडी फुगलीच. मास्तराची खोड, जाते कुठं!

"जमलं ना, मावशी?"

"गाल त्यांचाच हाय," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "कान तेवढा आबांचा हाय. त्यो त्यांचा त्यांना परत द्या."