महादेवआजोबांचा व्यवसाय

“हे छापता येणार नाही,” असं म्हणून वसंतकाकांनी माझा प्रिंटआउट परत माझ्याकडे सरकवला.

वसंतकाका न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत राहणारे निवृत्त हार्ट स्पेशालिस्ट. त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत पुण्यात छापायला जायचा होता आणि अमेरिकेतल्या शाखेची माहिती गोळा करणं त्यांच्याकडे होतं. घराण्यातल्या प्रत्येकाचं नाव, शिक्षण, व्यवसाय, मुलंबाळं. मी आयटीतली नोकरी सोडल्यापासून लोकांच्या वंशावळी शोधून देते. पण या कामात माझे क्लायंट काका नव्हते. ती होती जर्सी सिटीची रूथ, वय चौऱ्याहत्तर. तिचे आजोबा महादेव बोटीवर खलाशी होते. न्यूयॉर्कला उतरले ते परत गेलेच नाहीत. काकांच्या आजोबांचे हे धाकटे भाऊ. रूथला एवढंच हवं होतं की त्या पुस्तकात आजोबांची ओळ असावी आणि तिच्याखाली आपल्या आईचं नाव. भारतातल्या नातेवाइकांचं एखादं पत्र येईल म्हणून तिच्या आईनं शेवटपर्यंत वाट पाहिली होती.

नात्याबद्दल काकांना शंका नव्हती. डीएनए जुळला होता. अडलं होतं ते व्यवसायापाशी.

अमेरिकेच्या १९४०च्या जनगणनेत व्यवसायाचे दोन रकाने शेजारी शेजारी आहेत. पहिल्यात माणूस काय काम करतो ते, दुसऱ्यात कुठल्या उद्योगात. नवशिके पहिला वाचून थांबतात आणि फसतात. महादेवांच्या पहिल्या रकान्यात ‘लेबरर’ होतं. दुसऱ्यात ‘स्लॉटर हाउस’.

“कत्तलखाना,” काका म्हणाले. “अगं मीनल, आमच्याकडे सगळे सांगायचे, महादेवआजोबा अमेरिकेत इंजिनिअर आहेत. त्यांचं नाव ऐकत मी लहानाचा मोठा झालो.”

“सांगितलं कुणी होतं?”

“त्यांच्याच पत्रात होतं म्हणे. तू परत चेक कर. कुणाची तरी चूक असणार.”

चेक करणं हे माझं कामच आहे. घरी येऊन ते पान मोठं करून पाहिलं. त्या वर्षी माहिती कुणी दिली याची खूण करायचा नियम होता. घरातल्या ज्या माणसानं उत्तरं दिली, त्याच्या नावापुढे वर्तुळात फुली. घरात कुणी नसलं तर ज्या शेजाऱ्यानं सांगितलं, त्याचं नाव समासात. महादेवांच्या घरात एकाच्याही पुढे फुली नव्हती. समासात एका शेजारणीचं नाव होतं.

काकांना फोनवर हे सांगितलं तर त्यांचा आवाजच बदलला. “बघ. म्हणजे ती बाई वाटेल ते बोलली. व्यवसाय अज्ञात लिहू आणि विषय संपवू.”

खरं सांगते, मला मोह झाला. रूथला ओळ मिळाली असती, काकांची अब्रू राहिली असती. पण शेजाऱ्यानं दिलेली नोंद सोडून द्यायची नसते, ती दुसऱ्या कागदावर पडताळायची असते. तोही असा कागद की जिथे माणूस स्वतः बोललाय. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी पन्नाशीच्या आसपासच्या पुरुषांनाही लष्करी नोंदणीला जावं लागे. तिथे नोकरी कुठे करता, हे स्वतः सांगायचं आणि सही करायची. महादेवांचं कार्ड दोन दिवसांत सापडलं. त्यावर नोकरीचं ठिकाण म्हणून जर्सी सिटीतला एक कत्तलखाना लिहिला होता. खाली त्यांची सही. शेजारीण खरं बोलली होती.

ते कार्ड घेऊन पुन्हा पार्सिपनीला गेले. काकांनी ते सहीपर्यंत वाचलं.

“‘खाद्य उद्योगात नोकरी’ असं लिहिलं तर? खोटं तर नाही.”

“खोटं नाही काका. पण रूथला विचारावं लागेल.”

तिला स्पीकरवर घेतलं. रूथला त्या कामाचं काहीच वाटत नव्हतं. उलट रविवारी आजोबा मांस घरी आणत आणि स्वतः कापत, सुरीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत, असं ती कौतुकानं सांगत होती.

काकांनी इंग्रजीत हळूच विचारलं, “पण ते स्वतः खात नसतील ना?”

“सगळ्यात मोठा तुकडा त्यांचा,” रूथ म्हणाली.

मला हसू आवरेना, पण काकांकडे पाहिलं आणि ते गिळलं. काका पुन्हा पुस्तकात काय छापायचं यावर आले, तेव्हा पलीकडून रूथच म्हणाली, “तुम्हाला अडचण होत असेल तर त्यांचं काम गाळा. हवं तर त्यांनाही गाळा. माझ्या आईचं नाव तेवढं कुठेतरी राहू द्या.”

मला फार वाईट वाटलं. काकांनी फोन बंद केला.

“मी इथे आलो त्या हिवाळ्यात हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये जे मिळेल ते खायचो,” ते म्हणाले. “नंतर नंतर तर आवडीनं. आईला लिहायचो, इथे दूध आणि फळं छान मिळतात.”

मग त्यांनी पेन घेऊन फॉर्मवर लिहिलं, ‘कत्तलखान्यात कामगार, जर्सी सिटी.’ पुण्याहून कुलवृत्तांताच्या कमिटीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. काका एवढंच म्हणाले, “मी लिहिलंय ते बरोबर आहे. शब्द बदलायचा नाही.”

पुस्तक आल्यावर मी ते रूथला नेऊन दिलं. तिला मराठी येत नाही. मी ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं आणि इंग्रजीत सांगितलं. आजोबांच्या व्यवसायावर तिनं नुसती मान डोलावली. आईचं नाव मात्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

पूर्वजाचा व्यवसाय शोधायला मला एक आठवडा लागला होता, तो घरच्यांच्या गळी उतरवायला दीड महिना. आता नवीन काम घेताना हा दीड महिना मी आधीच धरते.